काळ्यावर काळं नाव

१

मंगळवारी सकाळी सव्वासातच्या सुमारास बंदराच्या गस्ती नौकेला एक माणूस पाण्यात सापडला. निळ्या प्लास्टिकच्या पिंपाला त्याने मिठी मारली होती. त्याला वर घेताना दोघांना त्याची बोटं एकेक करून सोडवावी लागली. जवळच अर्धी होडी तरंगत होती, फक्त पुढची बाजू. मागची बाजू आणि होडीवरचा दुसरा माणूस दुपारी सापडले. तो दुसरा माणूस या पहिल्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा होता आणि तो गेलेला होता.

शुद्धीवर आल्यावर पहिल्याने एवढंच सांगितलं, "जहाजाने उडवलं. सेलिंडा. मागच्या बाजूला नाव होतं, मी वाचलं."

संध्याकाळपर्यंत बंदराच्या कार्यालयाने चौकशी केली. सेलिंडा नावाचं कंटेनर जहाज खरोखरच होतं. पण गेले अकरा दिवस ते दूरच्या एका बंदरात, पाणी उपसलेल्या गोदीत, लाकडी ठोकळ्यांवर उभं होतं. तिथल्या लोकांनी फोटोसुद्धा पाठवला. जहाजाच्या पोटाखाली कामगार उभे राहून रंग खरवडत होते. जमिनीवर उभ्या असलेल्या जहाजाने कोणाची होडी कशी कापायची?

मग वस्तीत जे व्हायचं ते झालं. या माणसाला सगळे थापाड्या म्हणत, आणि ते उगीच नव्हतं. एकदा म्हणे देवमाशाने त्याच्या होडीला पाठ घासली होती. दुसऱ्यांदा सांगताना देवमासे दोन झाले, तिसऱ्यांदा त्यातला एक ओळखीचा निघाला. इतकी वर्षं लोकांनी त्या थापा हसून ऐकल्या होत्या. आता कोणी हसत नव्हतं. हा सुकाणूवर झोपला, होडी खडकावर गेली, आणि आता जहाजाचं नाव घेतोय, असं उघड बोललं जाऊ लागलं.

बुधवारी सकाळी तो बहिणीच्या दारात गेला. आई गेल्यापासून त्याला तिनेच वाढवलं होतं. अक्काने त्याला आत घेतलं नाही. ती रडतही नव्हती.

"तू झोपलास," ती म्हणाली. "एवढं कबूल कर. म्हणजे मला तुझा राग तरी नीट करता येईल."

"नाही झोपलो, अक्का."

तिने दार लावून घेतलं.

२

बंदरातल्या अपघातांचा तपास एका बाईंकडे असे. त्या मूळच्या सर्व्हेयर. तीस वर्षं जहाजांचे पत्रे छोट्या हातोडीने ठोकून, नुसत्या आवाजावरून कुठे गंज आतपर्यंत गेलाय ते सांगत आल्या होत्या, म्हणून सगळं बंदर त्यांना हातोडीबाई म्हणे. तोंडावरसुद्धा. त्यांची हरकत नव्हती. "घणबाई म्हणत नाहीत हेच खूप," असं त्या म्हणत.

बंदरप्रमुखांनी त्यांना फाईल दिली तेव्हाच सांगितलं, "दोन पानांत उरका. माणूस शुद्धीत नव्हता, असं लिहिलं की झालं."

हातोडीबाई बुधवारी दहा वाजता थापाड्याला भेटायला गेल्या. तो जाळी ठेवायच्या खोलीत एका उलट्या टोपलीवर बसला होता.

"होडी सुरू होती का?"

"इंजिन बंद होतं. जाळं ओढत होतो. दाजी मागे, मी पुढे. नुकतंच उजाडलं होतं."

"एवढं मोठं जहाज आलं, आवाज नाही आला?"

"आवाज मागे असतो, मॅडम. इंजिन शेपटाकडे. पुढून ते भिंतीसारखं येतं, मुकाट."

हे खरं होतं, आणि ते पाण्यावरच्या माणसालाच ठाऊक असतं. हातोडीबाईंनी वहीत टिपून घेतलं.

"मग नाव कुठे दिसलं?"

"होडीचे दोन तुकडे झाले. मी पाण्यात. जहाज बाजूने निघून गेलं, संपतच नव्हतं. मग मागची बाजू दिसली. काळी. त्यावर नाव."

"पांढऱ्या अक्षरांत?"

"नाही. काळ्याच."

"काळ्यावर काळं?"

"हो." त्याने मान खाली घातली. "म्हणूनच कोणी ऐकत नाही. पण होतं, मॅडम. अक्षरांना रंग नव्हता, पण अक्षरं होती. खाली गावाचं नाव असतं ना, तेही नव्हतं. नुसतं सेलिंडा."

थाप मारणारा पटेल असं सांगतो. हा माणूस कोणाला पटणार नाही अशा गोष्टीला चिकटून बसला होता.

"आणि ते पिंप? तुमचंच?"

"आमची पिवळी आहेत."

"मग हे कुठून आलं?"

"आलं," तो म्हणाला, आणि जाळ्याची एक गाठ उगीच सोडवू लागला. एवढा बोलका माणूस इथे मात्र एका शब्दावर थांबला.

गस्ती नौकेच्या लोकांनी पिंप कोपऱ्यात ठेवलं होतं. ते रिकामं आणि झाकण घट्ट लावलेलं होतं. झाकणाच्या कडेला पांढरा ओघळ होता. हातोडीबाईंनी त्यात नख खुपसलं. रंग अजून मऊ होता.

३

मनोऱ्यावर बसून ये-जा करणाऱ्या जहाजांवर नजर ठेवणारा ऑपरेटर बारा वर्षं त्याच खुर्चीत होता.

"त्या तासाभरात तीन जहाजं गेली," त्याने पडद्यावरचा इतिहास दाखवला. "धान्याचं एक, तेलाचं एक आणि मेरिडॉन नावाचं कंटेनर जहाज. सेलिंडा नाही. पडदा खोटं बोलत नाही, बाई."

"पडदा बोलतच नाही. जहाजावरचा माणूस जे नाव टाईप करतो ते तो दाखवतो."

ऑपरेटरने खांदे उडवले. पण तिघांचे रंग त्याला पाठ होते. धान्याचं जहाज राखाडी, बाकीची दोन काळी. म्हणजे प्रश्न दोघांचाच उरला, आणि दोन्ही जहाजं अजून धक्क्याला होती.

हातोडीबाईंनी दोन्ही जहाजांकडून नाव, झेंडा, मालक आणि नंबर लेखी मागवले. त्यांचा भर नंबरावर होता. जहाज विकलं जातं तेव्हा नाव बदलतं, झेंडा बदलतो, रेडिओवरची खूण बदलते. पण जन्माच्या वेळी मिळालेला सात आकडी नंबर मोडीत निघेपर्यंत तोच राहतो. तो पत्र्यावर कायमचा उमटवलेला असतो. माणसाने नाव बदललं तरी बोटांचे ठसे तेच राहतात, तसं.

दुपारी जहाजांचा एजंट कागद घेऊन आला. हा इसम इतका गुळगुळीत होता की त्याच्याशी हात मिळवल्यावर हात पुसावासा वाटे.

"मेरिडॉन उद्या सकाळी नऊला सुटतंय, मॅडम. कप्तानसाहेबांनी स्वतः कागद भरून दिलाय. आमच्या बंदरात पहिल्यांदाच आलंय, उगाच अडकू नये एवढंच."

तो गेल्यावर हातोडीबाईंनी पेन्सिल घेतली. जहाजाच्या नंबरात एक गंमत असते. पहिल्या सहा आकड्यांना ओळीने सात, सहा, पाच, चार, तीन, दोनने गुणायचं आणि बेरीज करायची. बेरजेचा शेवटचा आकडा नंबरातल्या सातव्या आकड्याशी जुळलाच पाहिजे. तेलाच्या जहाजाचा जुळला.

मेरिडॉनचा कागदावरचा नंबर होता ९३१७४२६. त्रेसष्ट, अठरा, पाच, अठ्ठावीस, बारा, चार. एकशे तीस. म्हणजे शेवटी शून्य हवं. कागदावर सहा होता.

त्यांनी पुन्हा बेरीज केली. तेच उत्तर आलं. या नंबरचं जहाज जगात कधी बांधलंच गेलेलं नव्हतं.

४

चार वाजता त्या धक्क्यावर गेल्या. मेरिडॉनच्या नाकापासून शेपटापर्यंत चालायला त्यांना पाच मिनिटं लागली. वर कंटेनर सात-आठ मजल्यांच्या इमारतीएवढे रचलेले. कप्तान बसतो ती खोली त्यांच्यामागे, खूप लांब. तिथून नाकासमोरचं दोन-चारशे मीटर पाणी दिसतच नाही. म्हणून तर अरुंद वाटेत नाकावर एक माणूस उभा करतात.

शेपटाकडे पांढऱ्या अक्षरांत नाव होतं: मेरिडॉन. बाकी सगळा पत्रा भर उन्हात सपाट काळा दिसत होता. पत्र्यावर अजून कुठलंही नाव दिसेना.

कप्तान सभ्य होता. चेहऱ्यावर झोप न झालेल्या माणसाची सूज. त्याने कॉफी मागवली, कागद पाहिला आणि म्हणाला, "एक आकडा चुकलाय. घाईत होतं असं." आणि बरोबर नंबर लिहून दिला.

"मंगळवारी सकाळी नाकावर कोण होतं?"

"आमचा हा खलाशी. बोलावतो ना."

खलाशी पन्नाशीचा होता, उन्हाने रापलेला. कप्तानासमोर उभा राहून तो म्हणाला, "हो, मी पुढे होतो. काही दिसलं नाही."

"हादरा?"

"नाही."

तो बुटांकडे बघून बोलत होता. हातोडीबाई त्याच्या हातांकडे बघत होत्या. नखांच्या कडांत पांढरा रंग आणि त्याखाली काळा.

"रंगकामही करता वाटतं?"

"सगळंच करतो, बाई," तो म्हणाला, आणि त्याने हात पाठीमागे नेले.

कार्यालयात परत येऊन त्यांनी नवा नंबर तपासला. हा जुळला. जागतिक नोंदींत टाकल्यावर जहाजाची सगळी कुंडली समोर आली. हे जहाज आठ दिवसांपूर्वी विकलं गेलं आणि त्याचं नाव मेरिडॉन झालं. त्याआधी नऊ वर्षं ते कोरल विंड होतं. आणि त्याच्याही आधी, एकोणीस वर्षांपूर्वी ते बांधलं गेलं तेव्हा त्याचं पहिलं नाव होतं, सेलिंडा.

गोदीत उभं होतं ते वेगळं जहाज, जेमतेम चार वर्षांचं. जुन्या मालकाने आवडतं नाव नव्या जहाजाला पुन्हा दिलं होतं. सगळ्यांनी सेलिंडा कुठे आहे ते विचारलं, पण कुठली सेलिंडा हे कोणीच विचारलं नव्हतं.

त्या बंदरप्रमुखांच्या खोलीत गेल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढला.

"बाई, मला पटतंय. पण नऊ वर्षांपूर्वी पुसलेलं नाव त्या माणसाला काल सकाळी दिसलं कसं? कोणीतरी त्याला सांगितलं असेल, असं वकील म्हणेल. मग तुमचा थापाड्या जिथल्या तिथेच."

हातोडीबाई दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या.

"सूर्य किती वाजता उगवतो सध्या?" त्यांनी विचारलं.

५

गुरुवारी उजाडताना एक छोटी लाँच मेरिडॉनच्या मागे जाऊन थांबली. लाँचमध्ये हातोडीबाई, बंदरप्रमुख आणि थापाड्या. कप्तानालाही बोलावलं होतं. तो वर, मागच्या डेकवर, कठड्याला हात टेकून उभा होता आणि त्याच्या शेजारी तो खलाशी.

सूर्य वर आला. पहिलं ऊन पाण्यावरून आडवं, जवळजवळ पत्र्याला घासत गेलं. पांढऱ्या नावाच्या हातभर खाली, काळ्या पत्र्यावर बारीक सावल्या उमटल्या. आधी एक आडवी रेघ, मग एक वळण. बघता बघता सात फुटी अक्षरं उभी राहिली.

बंदरप्रमुखांनी ती लहान मुलासारखी एकेक करून वाचली. "से... लिं... डा."

"नाव नुसतं रंगवत नाहीत," हातोडीबाई म्हणाल्या. "जहाज बांधताना अक्षरांच्या कडांवर वेल्डिंगची बारीक, वर उठलेली रेघ घालतात, म्हणजे पुढच्या रंगाऱ्याला जागा सापडते. पुढचा मालक ती घासून काढत बसत नाही, वरून काळा रंग फासतो. एरवी कोणाला दिसत नाही. उन्हाची तिरीप आडवी आली की सावली पडते. मंगळवारी या वेळी होडी कापली गेली तेव्हा कोरल विंड हे नाव पुसून झालं होतं आणि मेरिडॉन लिहायचं बाकी होतं. त्या सकाळी जहाजाला नावच नव्हतं. म्हणून यांना दिसलं ते जन्माचं नाव."

थापाड्या वर बघत होता, पण अक्षरांकडे नाही. तो खलाशाकडे बघत होता.

हातोडीबाईंनी आवाज चढवला, वर ऐकू जाईल इतपत. "कप्तान, बंदरात शिरायच्या आत नाव लिहून व्हायला हवं होतं ना? मग रंगवणारा माणूस मागे होता. म्हणजे नाकावर कोणीच नव्हतं. आणि पांढऱ्या रंगाचा ओघळ असलेलं रिकामं पिंप होडीवाल्याला मिळालं ते आभाळातून पडलं नाही. ते इथून, या कठड्यावरून टाकलं कोणीतरी. ज्याने टाकलं त्याने माणूस पाहिला होता."

वर खलाशी वळला. कप्तानाने त्याच्या बाहीला हात लावला, पण धरलं नाही. खलाशी जिन्याने धक्क्यावर उतरला आणि लाँच काठाला लागेपर्यंत तिथेच उभा राहिला.

"मी टाकलं," तो म्हणाला. "आणि फोनवरून कप्तानांना सांगितलंही. माणसं पाण्यात आहेत म्हणून."

कप्तान मागोमाग उतरला होता. त्याने नाकारलं नाही. "अरुंद वाट होती. एवढं जहाज थांबायला दोन-तीन किलोमीटर लागतात. वळवलं असतं तर गाळात रुतलं असतं. मी काय करू शकत होतो?"

"कळवू शकत होतात," हातोडीबाई म्हणाल्या. "मनोरा रेडिओवर तुमच्या कानाशी होता. गस्ती नौका दहा मिनिटांत आली असती. ती आली पाऊण तासाने, आणि तीही योगायोगाने."

कप्तानाने टोपी काढली आणि हातात फिरवत राहिला. नंबर का बदलला, हे त्याला कोणी विचारलं नाही. चौकशी सेलिंडाची चालू आहे हे कळल्यावर ज्याच्या जहाजाचं ते जुनं नाव आहे, तो काय करील हे उघड होतं.

मेरिडॉन त्या दिवशी सुटलं नाही.

६

दुपारी हातोडीबाईंनी अक्काला कार्यालयात बोलावून घेतलं. खलाशी जबाब देऊन तिथेच बसला होता. जबाबातली एक गोष्ट बाईंना कागदावर पुरेशी वाटली नव्हती. ती त्याने स्वतःच्या तोंडाने सांगावी, असं त्यांनी त्याला म्हटलं.

अक्का खुर्चीच्या टोकाला बसली. खलाशाने तिच्याकडे न बघता सुरुवात केली.

"पिंप तुमच्या भावाच्या अगदी जवळ पडलं, ताई. हात लांब केला असता तर मिळालं असतं. त्यांनी ते धरलं नाही. दुसरे होते ना, ते लांब होते. तोंड पाण्यात. यांनी पिंप ढकलत ढकलत त्यांच्याकडे नेलं. त्यांना उचलून पिंपावर घालायला बघितलं. एकदा, मग परत एकदा. ते घसरत होते. यांनी स्वतःचं वजन कधी त्यावर टाकलं ते मला दिसलं नाही, कारण तोवर आम्ही खूप पुढे आलो होतो. तेवढा वेळ तर तुमचे भाऊ स्वतःच बुडत होते."

"माझे मालक..." अक्काने विचारलं. "हात-पाय मारत होते का?"

"नाही, ताई. पहिल्यापासून नाही."

अक्काने मान हलवली. मग उठताना खलाशाला म्हणाली, "तुमची नोकरी जाईल ना आता?"

"जाईल बहुतेक."

"पिंप टाकलंत," ती म्हणाली. तिने हात जोडले आणि बाहेर पडली.

थापाड्या जाळ्यांच्या खोलीत होता. ती आत आली तसा तो उभा राहिला, आईसमोर उभा राहावा तसा. ती जमिनीवरच बसली, जाळ्याच्या ढिगाला पाठ टेकून.

"मला का नाही सांगितलंस?"

"काय?"

"पिंप त्यांच्याकडे नेलंस ते."

"त्यांना वाचवता आलं नाही, अक्का. मग ते सांगून काय करायचं? आणि लोक म्हणाले असते, हा आता स्वतःला शूर ठरवतोय. सेलिंडाचं तेवढं सांगितलं. ते सांगायलाच हवं होतं, दाजींसाठी."

"किती वेळ धरलं होतंस त्यांना?"

"माहीत नाही. सदऱ्याची कॉलर धरली होती. मग हातात कॉलर नव्हती." त्याने आपले तळवे उघडून पाहिले. "कधी सुटली ते कळलंच नाही मला. मी त्यांना सोडलं नाही, अक्का. पण सुटली."

तेव्हा अक्का रडली, मंगळवारपासून पहिल्यांदा. तो तिच्या शेजारी बसला. काय करावं ते न सुचून त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. लहानपणी तो तापाने फणफणत असे तेव्हा ती ठेवायची, तसा.

मग तिने पदराने तोंड पुसलं.

"घरी चल," ती म्हणाली. "पोरांनी विचारलंय, बाबा शेवटी काय म्हणाले. मला नाही ठाऊक. तू होतास."

"जाळं जड लागतंय म्हणाले," थापाड्या म्हणाला. "आज बरं मिळणार, म्हणाले. हसत होते."

"मग हेच सांग त्यांना," अक्का म्हणाली, आणि उठायला तिने त्याच्याकडे हात पुढे केला.